टोळीचा क्रमांक

सर, गेल्या शुक्रवारी तुमची शोकसभा झाली. तुम्ही नव्हता हे बरं. असता तर पहिल्याच भाषणात उठून गेला असता, आणि तुमच्या मागोमाग मलाही उठावं लागलं असतं.

प्राचार्य म्हणाले, तुमच्या जाण्यानं कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे. मला तुमचा आवाज ऐकू आला, "घनफळ काढून दाखव म्हणावं की." मला हसू आवरेना. मी मान खाली घातली, तर शेजारच्या गृहस्थांना वाटलं हुंदका आला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग उपप्राचार्यांनी तुम्हाला दीपस्तंभ म्हटलं. सोलापुरात, जिथून समुद्र बघायचा तर आगगाडी धरावी लागते. तिसऱ्या वक्त्यानं वटवृक्ष म्हटलं. वडाखाली दुसरं काही उगवत नाही हे त्याला ठाऊक नसावं. ठाऊक असतं तर दिवसभरातलं ते एक वाक्य तरी थोडंफार खरं ठरलं असतं.

ही तीच माणसं. तुमच्या रविवारच्या वर्गाला यांनी वर्षानुवर्षं जिन्याखालची खोली दिली, जिथं खडूची खोकी आणि मोडकी बाकं ठेवायची. वरून कुणी जिना उतरलं की फळ्यावर माती पडायची. तुम्ही ती बाहीनं पुसायचा आणि पुढची ओळ लिहायचा. आता तुमच्या फोटोला चंदनाचा हार आहे. फोटोत तुम्ही हसताय. कुठून मिळवला कोण जाणे. मी तुम्हाला असं हसताना कधी पाहिलेलं नाही. तुमचं हसू नेहमी कुणाच्या तरी चुकीवर असायचं आणि ते फोटोत मावण्यासारखं नव्हतं.

मुद्द्यावर ते शेवटी आले. प्राचार्यांनी जाहीर केलं की रविवारचा वर्ग आता बंद पडू दिला जाणार नाही. तो संस्थेच्या प्रबोधन मंडळाकडे जाईल. त्याला वरच्या मजल्यावरची, पंखा असलेली खोली मिळेल. आणि त्याला नाव दिलं जाईल संस्थेच्या अध्यक्षांच्या वडिलांचं. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या. अध्यक्षांनी उभं राहून नमस्कार केला, जणू वारले ते त्यांचेच वडील. मग प्राचार्यांनी वर्गाचे मानद संचालक म्हणून माझं नाव पुकारलं. मला विचारलं नव्हतं. सभा संपल्यावर मी म्हटलं, "मी मुंबईला असतो, साहेब."

"अहो, तुम्ही कुठंही असा. आम्हाला नाव पाहिजे. सरांचा विद्यार्थी, मुंबईला कॉम्प्युटरवर. अध्यक्षांना फार आवडलंय."

"शिकवणार कोण?"

"ते बघू की. सोमवारपर्यंत होकार द्या म्हणजे झालं."

वर्गाला नाव आहे, पंखा आहे, संचालक आहे. शिकवणार कोण ते बघू. सर, या लोकांविषयी तुम्ही जे बोलायचा ते मला तेव्हा कडू वाटायचं. तुम्ही फार मोजून बोलायचा हे आता कळलं.

पण मला गप्प केलं ते यांनी नाही. गप्प केलं तुम्ही. कारण वर्ग चालवायचा की बंद करायचा, या वादात तुमची बाजू मला माहीत होती. ती तुम्ही माझ्याशीच मांडली होती, मला पटली नव्हती, आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. म्हणून हे लिहितोय. तुम्ही मधे बोलू शकत नाही, हा एकच फायदा.

मी माळशिरसकडून आलो तेव्हा आमच्या घराण्यात मॅट्रिक झालेला पहिलाच होतो, आणि कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात परत जायला निघालो होतो. पुस्तकं इंग्रजीत होती. वर्गात जे बोलत ते अर्धं कळायचं नाही, आणि न कळलेलं अर्धं कुठलं हेही कळायचं नाही. तुम्ही मला व्हरांड्यात धरलंत. "इंग्रजी येत नाही ना? बरं झालं. तिकडं आत बसलेत त्यांना वाटतं की येतंय. त्यांचं कठीण आहे. रविवारी ये."

रविवारी तुमची एकच रीत होती. प्रमेय फळ्यावर लिहायचं, मग प्रत्येकानं ते आपापल्या घरच्या बोलीत सांगायचं. अक्कलकोटकडचे कानडीत, विणकरांची मुलं तेलुगूत, बेगमपेठेतला एक जण दखनीत, मी माझ्या बोलीत. सगळ्या भाषा तुम्हाला कळायच्या असं नाही. पण कोण अडखळलं ते कळायचं. "जिथं अडखळलास तिथं तुला कळलं नाही," म्हणायचा. "कळलेल्या गोष्टीला घरचा शब्द असतो."

हे जितकं चांगलं होतं तितकेच तुम्ही वाईट होता. अडखळणाऱ्याला तुम्ही माणसात ठेवत नव्हता. रडून गेलेली, परत न आलेली मुलं मी पाहिलीत. वटवृक्षाचं म्हणतो ते यामुळे.

मुंबईला कॉम्प्युटरच्या संस्थेत लागल्यावर मी पहिल्या दिवाळीला आलो, तेव्हा तुम्ही मला फळ्यासमोर उभं केलंत. "तुझं यंत्र सांग यांना." मी तयारीनं आलो होतो. एकाच यंत्राला बरीच टर्मिनलं जोडलेली असतात, प्रत्येकावर एक माणूस बसतो, आणि यंत्र एकटं असून प्रत्येकाला वाटतं ते आपलंच आहे. त्यावर युनिक्स नावाची प्रणाली चालते. चालू असलेल्या प्रत्येक कामाला प्रोसेस म्हणतात. प्रत्येक प्रोसेसला क्रमांक असतो, आणि एक प्रोसेस दुसरीला जन्म देते. इथवर मुलांनी माना डोलावल्या. मग मी प्रोसेस ग्रूपवर आलो आणि तुम्ही दाराला टेकून उभे होता तिथून म्हणालात, "मराठीत."

"प्रक्रिया-समूह, सर."

"हे शासनाचं झालं. राजपत्रात छाप. आईला काय सांगशील?"

मी गिरणीचा भोंगा घेतला. भोंगा झाला की त्या पाळीची सगळी माणसं उठतात. तसं टर्मिनलवर थांबवायची कळ दाबली की त्या ग्रूपमधल्या सगळ्या प्रोसेसना एकदम संकेत जातो.

"भोंगा कुणाकुणाला ऐकू येतो?" तुम्ही विचारलंत.

"गिरणीतल्या माणसांना."

पहिल्या बाकावरून रेणुका बोलली. तेव्हा ती नुकतीच वर्गात आली होती. घरी हातमाग होते, घरात तेलुगू. "दादा, आमच्या घरी पण ऐकू येतो. आमी भात त्याच्यावरच चढवतो."

वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत, म्हणजे खूश होता. "ऐक. गावाला ऐकू येतंय, कुत्र्यालाबी ऐकू येतंय. तुझ्या यंत्रात शेजारच्या टर्मिनलवरच्या माणसाचं काम बंद पडतं का, तू कळ दाबल्यावर?"

"नाही, सर."

"मग भोंगा खोटा. पूस."

मी पुसलं. मला राग आला होता, आणि राग आला की माझी बोली बाहेर पडते हे तुम्हाला माहीत होतं. "आमच्याकडं ऊसतोडीला टोळी येती की, सर," मी म्हणालो. "मुकादम येतो, आन् टोळी त्याच्या नावानं. त्यानं आनलेली मानसं त्या टोळीची. त्यांना हितं पोरं झाली तरी ती त्याच टोळीची. कारखान्याचा निरोप येतो तो टोळीला येतो, अमक्याच्या टोळीनं थांबावं. सगळी थांबत्यात. दुसऱ्या टोळीचा कोयता चालूच असतो. आन् मुकादम मधीच मेला, तरी हंगाम संपेस्तवर टोळीला नाव त्याचंच."

तुम्ही दारातून आत आलात. "असं बोल की लेका. मघापासनं भाड्याची कापडं घालून उभा होतास."

मग सगळं सरळ झालं. माणूस टर्मिनलवर बसला की त्याच्यासाठी जी पहिली प्रोसेस चालू होते ती मुकादम. तिचा क्रमांक हाच टोळीचा क्रमांक. तिची मुलं, मुलांची मुलं, सगळी तो क्रमांक अंगावर घेऊन जन्मतात. मुकादम मेली तरी त्यांच्या अंगावर तिचाच क्रमांक राहतो. जिचा जन्मदाता मरतो त्या प्रोसेसला यंत्र दुसरा बाप देतं, तो कायम एक नंबरची प्रोसेस. पण तिची टोळी बदलत नाही.

"म्हणजे बाप बदलतो, टोळी बदलत नाही," तुम्ही म्हणालात. "आपल्या संस्थेत उलटं. टोळी रोज बदलते, बाप तोच."

टोळी हा शब्द तुम्हाला आवडला तो त्याला वास आहे म्हणून. सज्जनांचा समूह असतो आणि चोरांची टोळी, आणि तुम्ही माणसांना दुसऱ्या रकान्यात घालायला नेहमी तयार असायचा. स्टाफरूममध्ये दोन गट होते. तुम्ही कुठल्याच गटात नव्हता याचा तुम्हाला केवढा अभिमान. मलाही तेव्हा वाटायचा. पण एकदा आम्ही जुने विद्यार्थी जमून वरची खोली मागायला प्राचार्यांकडे गेलो होतो, आठवतं? तुम्ही येतो म्हणालात. आम्ही तुमची वाट बघत त्यांच्या दाराशी उभे राहिलो, आणि तुम्ही तलावाकाठी फिरायला गेलात. नंतर म्हणालात, "झुंडीनं जाऊन मागण्यासारखं मला काही नको." आम्ही सगळ्यांनी ते तत्त्व म्हणून ऐकून घेतलं. सर, ते तत्त्व नव्हतं. तुम्हाला भीती वाटली होती की ते नाही म्हणतील आणि ते आमच्यादेखत म्हणतील. खोली तुम्हाला नको होती, पण ती पोरांना हवी होती, आणि तुमच्या ताठ मानेचं भाडं पोरांनी माती खात भरलं.

हे तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं. वर्गात तुम्ही म्हणू दिलं असतं. घरी काकू चहा आणायच्या आणि राहून जायचं.

मागच्या उन्हाळ्यात तुमच्या ओसरीवर बसून मी तुम्हाला शून्याची गोष्ट सांगितली ती दुपार मला फार जवळची आहे. माझी एक प्रोसेस हटून बसली होती. तिला मारायची आज्ञा असते, आज्ञेसोबत क्रमांक द्यायचा. मी नववा संकेत वापरणार होतो, कारण बाकीचे संकेत प्रोसेसला कानाआड करता येतात, नववा कुणालाच येत नाही. पण आधी आज्ञा नीट लिहिली गेली का ते बघावं, कुणाला न मारता, म्हणून मी क्रमांकाच्या जागी शून्य लिहिलं. शून्य म्हणजे कुणीच नाही. त्यासरशी माझं चालू असलेलं सगळं काम मेलं, आणि मीसुद्धा यंत्राच्या बाहेर फेकला गेलो. त्या यंत्रात शून्याचा अर्थ आहे, माझी अख्खी टोळी.

तुम्ही हसता हसता खोकायला लागलात. तो खोकला तेव्हा आम्हाला हसण्याचाच भाग वाटला. "शून्य म्हणजे कुणीच नाही, असं कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच, सर."

"मी शून्य शिकवलं. कुणीच नाही हे तू घरून आणलंस."

"पण शून्य म्हणजे आपले सगळे, हे तरी कुठलं गणित?"

काकू आतून म्हणाल्या, "बरोबर आहे की ते. आमी ह्यांचं नाव घेतो का? नाव न घेता बोललं की घरच्या माणसाचंच समजायचं."

तुम्ही कडक भाकरीचा तुकडा मोडला आणि बराच वेळ चावत राहिलात. नंतर माझ्याकडे न बघता म्हणालात, "फळ्यावर लिहून ठेव रविवारी. नाव नाही लिहायचं कुणी सांगितलं ते." मला हसू आलं, आणि काकूंनाही आत आलं असावं, कारण भांडं वाजलं.

त्याच दुपारी वाद झाला. तारेचं सांगत होतो मी. टर्मिनलची तार तुटली, फोन ठेवावा तसं झालं, की यंत्र त्या टोळीतल्या प्रत्येक प्रोसेसला संकेत पाठवतं, तुमचं माणूस गेलं. तो संकेत आला की मरायचं असा नियम आहे. पण एखादीनं आधीच सांगून ठेवलं असेल की हा संकेत मी कानाआड करणार आहे, तर ती चालत राहते. आणि तिला पुढे जी मुलं होतात त्यांना कानाआड करणं जन्मतःच येतं.

"नियम चांगला आहे," तुम्ही म्हणालात. "माणूस गेलं की काम बंद. माझा वर्ग तसाच. मी गेलो की कुलूप. माझ्या नावानं कुणी दुकान मांडायचं नाही."

"आणि जी पोरं कानाआड करतील त्यांचं काय?"

"ती बेशिस्त."

"ती कुणाकडून शिकली?"

तुम्ही भुवई वर केलीत. मी म्हटलं, आणीबाणीत सगळ्या कॉलेजला पटांगणात उभं करून शिस्तीची शपथ दिली होती. प्राचार्य हात पुढं करून उभे, प्राध्यापक रांगेत, सगळ्यांचे हात पुढं, आणि तुम्ही खिशात खडू शोधत होता. शपथ संपेपर्यंत शोधत होता. आम्ही पोरं मागून बघत होतो. खडू तुमच्या हातातच होता, सर.

"चहा घे," तुम्ही म्हणालात. "निवतोय."

तुम्ही शब्द मागे घेतला नाहीत. काकूंना नंतर दोनदा बजावलंत की वर्ग बंद करायचा. का? तेव्हा मला तो तुमचा निर्मोहीपणा वाटला होता. आज तसं वाटत नाही. जी गोष्ट तुमच्याशिवाय चालेल ती तुमच्या लेखी तुमची नव्हतीच. तुम्ही टोळ्यांवर थुंकत होता आणि जन्मभर एक टोळी पोसत होता, आणि ती आपल्या मागे जगेल हे तुम्हाला सहन होत नव्हतं. प्राचार्यांना वर्गाला दुसऱ्याचं नाव द्यायचं आहे, तुम्हाला त्याला कुलूप घालायचं होतं. पोरांना कुणीच विचारलं नाही. तेवढ्यापुरते तुम्ही आणि प्राचार्य एका गटात बसता. हे वाचून तुम्हाला जो राग आला असता तो बघायला मी काय वाटेल ते दिलं असतं.

शेवटचा भेटलो तेव्हा तुम्ही खाटेवर उशांना टेकून होता. आवाज गेला होता. डॉक्टर काय म्हणतात असं मी विचारलं, आणि तुम्ही खुणेनं मला जवळ बोलावून म्हणालात, "नववा आहे रे हा." मी तुमची उशी सारखी केली. बोलायला पाहिजे होतं. तुमच्या त्या वर्गामुळे आज माझ्या आईच्या घरात दिवा आहे, माझी बहीण शिकतेय, आणि मला कुठल्याही मोठ्या माणसासमोर मराठीत विचार करायची लाज वाटत नाही. यातलं एकही वाक्य मी उच्चारलं नाही. उच्चारलं असतं तर तुम्ही राजपत्रात छाप म्हणाला असता, पण त्यासाठी तरी उच्चारायचं होतं.

तुमच्या लिंगायत रीतीप्रमाणे तुम्हाला बसवून माती दिली. पत्रिकेत लिंगैक्य झाले असं छापलं होतं. शिकवताना तुम्हाला कधी बसलेलं मी पाहिलं नाही. त्या खड्ड्याकडे बघताना माझ्या मनात आलं, यांनी सरांना अखेर बसवलं. मग मी दुसरीकडे बघितलं.

सभेनंतर घरी गेलो. काकू ओसरीवरच होत्या. "बर्री, या," म्हणाल्या, "जेवून जावा." मी वर्गाचं काढलं, तुमची इच्छा काढली. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. "बंद करा म्हणाले होते खरं. त्यांचं ऐकायचं का नाही ते तुमी बघा. मी जन्मभर ऐकलं. एकानं ऐकलं, बास की."

रविवारी सकाळी कॉलेजवर गेलो. जिन्याखालच्या खोलीला नवं कुलूप होतं, आणि वरच्या मजल्यावर एक पेंटर अध्यक्षांच्या वडिलांच्या नावाची पाटी रंगवत होता. एवढी घाई यांनी तुमच्या पगारवाढीच्या वेळी केली असती तर. पोरं घरी गेली असतील असं मला वाटलं होतं. ती जिन्यावर बसली होती. खालपासून वरपर्यंत, पायऱ्यापायऱ्यांनी. पेंटरला खाली यायला वाट नव्हती आणि तो वरून कुरकुरत होता. भिंतीवर खडूनं उदाहरण लिहिलेलं, आणि रेणुका त्यासमोर उभी. आता ती शेवटच्या वर्षाला आहे. कुर्डुवाडीकडून आलेला एक नवा मुलगा गणितातल्या सीमेची, लिमिटची, व्याख्या त्याच्या बोलीत सांगत होता आणि अडखळला.

"तिथंच," रेणुका म्हणाली. "परत म्हण."

"तुम्ही इथं कसे?" मी विचारलं.

"खोलीला कुलूप होतं, दादा. जिन्याला नव्हतं."

मी त्यांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. सरांना वर्ग बंद व्हायला हवा होता. प्राचार्यांना तो वर न्यायचाय, त्या पाटीखाली. तुम्हाला काय वाटतं, असं विचारणार होतो, त्याआधीच ती म्हणाली, "आमाला कुणी विचारलं का? सर सांगून गेले, प्राचार्य सांगायलेत, आता तुमी पण सांगायलाच आलाव."

"मी विचारायला आलोय."

"मग हे सांगा. तुमी म्हणला होता, मुकादम मेला तरी टोळीच्या अंगावर त्याचाच क्रमांक राहतो. पण क्रमांक कधीतरी संपतील की. यंत्र परत पहिल्यापासनं वाटायला लागेल. तवा मेलेल्या मुकादमाचाच क्रमांक एखाद्या नव्याला मिळाला, तर? मग तो नवा आमचा मुकादम होणार का?" बोलताना ती वर पेंटरकडे बघत होती.

मी विचार केला आणि मला उत्तर आलं नाही. तसं सांगितलं.

"मग बघून या," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी सांगा."

"पुढच्या रविवारी मी मुंबईत असेन."

"रविवारी सांगा आणि सोमवारी जावा."

कुणीतरी हसलं. तुमचा तो तुच्छ स्वर, सर, जसाच्या तसा, तेलुगू हेल लावलेला. मला वाईट वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही.

सोमवारी प्राचार्यांना सांगून आलो की मी मानद काही होणार नाही, आणि सरांचा वर्ग जिन्यावर भरतो. ते म्हणाले, "जिन्यावर? जिना संस्थेचा आहे."

"हो," मी म्हटलं. "उतरताना जरा बाजूनं उतरत जा."

आज दुपारी मुंबईला आमच्या संस्थेत युनिक्सचा मूळ मजकूर, सोर्स कोड, काढून बसलो. नव्या प्रोसेसला क्रमांक कसा देतात ते थोड्या ओळींत लिहिलेलं आहे. पुढचा क्रमांक घ्यायचा, आणि देण्याआधी यंत्रातल्या एकूणएक प्रोसेसवरून फेरी मारायची. हा क्रमांक तुझा आहे का, हे प्रत्येकीला विचारतात, ते मला वाटलंच होतं. पण तेवढ्यावर थांबत नाहीत. हा तुझ्या टोळीचा आहे का, हेही विचारतात. एकीनं जरी हो म्हटलं तरी तो क्रमांक सोडून पुढे जातात. मुकादम मेला असेल, त्याची जागा रिकामी असेल, त्याला ओळखणारं यंत्रात दुसरं काही उरलं नसेल. टोळीतलं एक जिवंत आहे तोवर त्याचा क्रमांक कुणालाही दिला जात नाही. ज्यानं हे लिहिलं त्यानं बाजूला त्याचं कारणसुद्धा लिहिलेलं नाही. त्याला ते सांगण्यासारखं वाटलं नसावं.

तुम्ही हरलात, सर. पोरं जिन्यावर आहेत तोवर वर्ग चालू, आणि क्रमांक तुमचाच.

शनिवारच्या गाडीचं बघतो. जिन्यावर ऊन लवकर चढतं, म्हणून त्यांनी वर्ग सकाळी लवकर ठेवलाय. रेणुकानं बजावलंय, उशीर झाला तर सगळ्यांत खालच्या पायरीवर बसावं लागेल.